समासातले दोन तास

त्या सकाळी बाटल्या-डब्यांचा कचरा टाकायचा दिवस होता. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी जिना उतरत होतो आणि खिशात फोन वाजू लागला. काझुकोकाकू सकाळी सात वाजता फोन करणाऱ्यांतल्या नव्हेत. पिशव्या तिथेच पायरीवर टेकवल्या. "सुहास, मनोहर-सान गेले रं," त्या म्हणाल्या. "झोपेतच. काल दोन हाने मासे गावले होते. खुशीत होते..." मी काय बोललो ते आठवत नाही. एवढंच आठवतं, की वरच्या मजल्यावरच्या बाई पिशव्यांना अडखळल्या, मीच वाकून चार वेळा त्यांची माफी मागितली आणि पाचव्या वेळी रडू फुटलं.

म्हात्रेकाका गेले त्याला आता आठ आठवडे झाले. मनोहर म्हात्रे, मूळचे पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. बोटीवर इंजिनियर म्हणून जग फिरले, ओसाकाच्या बंदरात एकदा बोट दुरुस्तीला लागली तिथे लग्न जमलं, आणि पुढे बोट सोडल्यावर ते तिथेच राहिले ते कायमचे. काझुकोकाकू ओसाकाच्याच. लग्नानंतर काका तीन वर्षं बोटीवर होते, तेवढा काळ त्या पेणला सासूजवळ राहिल्या. त्यामुळे त्यांचं मराठी म्हणजे अस्सल आगरी, फक्त नवऱ्याच्या नावाला आदराचं 'सान' जोडलेलं. आपल्याकडचा कोणी पहिल्यांदा घरी आला, की या ठेंगण्या, नम्रपणे वाकणाऱ्या जपानी बाईंच्या तोंडून "बस रं, जेवलास काय?" ऐकून त्याच्या हातातला चहा हिंदकळायचा. काका त्या क्षणाची वाट बघत बसलेले असत.

माझी त्यांची ओळख योदो नदीच्या काठावर झाली, जपानच्या त्या मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी. मी पुण्याहून पोस्टडॉक म्हणून ओसाकाला आलो होतो. नदीच्या मुखाकडच्या पट्ट्यात 'सुझुकी' नावाचा मासा किती आहे, वाढतोय की घटतोय, हे शोधायचं काम माझ्याकडे होतं. इंग्रजीत ज्याला बास म्हणतात त्यांतलाच हा. काकांच्या भाषेत 'आमच्या जिताड्याचा जपानी चुलतभाऊ'. त्याची एक गंमत आहे. तो वीतभर असतो तेव्हा त्याला सेइगो म्हणतात, हातभर झाला की हाने, आणि त्याहून मोठा झाला तरच सुझुकी. "बघ," काका म्हणायचे, "याला बढती मिळाली की नाव बदलतं. आपल्याकडे माणसाचा नुसता रुबाब बदलतो."

आता नदीतले मासे मोजायचे कसे? होडी, जाळी, माणसं, परवाने... एवढं सगळं करून वर्षातून दोनदा पाहणी व्हायची, आणि दोन ठिपक्यांवरून काही रेघ काढता येत नाही. मी हे रडगाणं काठावर गळ टाकून बसलेल्या एका टकल्या गृहस्थाला मोडक्या जपानीत ऐकवत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मराठीत विचारलं, "पुण्याचा काय तू?" मग सायकलच्या टोपलीतून त्यांनी एक वही काढली. त्या काठावर एक जुना मासेमारी क्लब होता आणि त्याची दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्पर्धा असे. सकाळी सहा ते दहा, तेच घाट, तीच माणसं. मासा पकडायचा, लाकडी पट्टीवर मोजायचा, सोडून द्यायचा. काका त्या क्लबचे चिटणीस. गेल्या वीस-बावीस वर्षांच्या वह्या त्यांच्या कपाटात होत्या.

स्पर्धांच्या नोंदी खूप ठिकाणी असतात, पण त्या बहुधा जिंकणाऱ्यांच्या. काकांची वही वेगळी होती. ज्याला काहीच मिळालं नाही त्याचंही नाव तिच्यात होतं. रिकाम्या हाताने परतणाऱ्याला जपानी गळकरी 'बोझू' म्हणतात, म्हणजे मुंडण केलेला भिक्षू. काकांच्या वहीत प्रत्येक बोझू हजर होता. मी उडालोच. माझ्या कामात मिळालेल्या माशाइतकाच न मिळालेला मासा मोलाचा. किती माणसांनी किती तास घालवले आणि किती मिळाले, या हिशेबातूनच नदीची तब्येत कळते. मी विचारलं, "काका, तुम्हाला हे कोणी शिकवलं?" ते म्हणाले, "शिकवायचंय काय त्यात? माणूस थंडीत चार तास उभा राहिला ना? मग त्याचं नाव नको?"

आणि या वह्यांना समास होते. मुख्य तक्ता जपानीत: नाव, लांबी, भरती-ओहोटी, वारा. समासात मात्र काका स्वतःसाठी मराठीत लिहायचे. 'पाणी चहासारखं. दुधाचा नव्हे, कोरा.' 'निशिओ घसरून कमरेइतका पाण्यात. मासा गेला, तोंड चालू.' हे निशिओ-सान म्हणजे क्लबचे दुसरे खांब, काकांच्याच वयाचे, दाराच्या चौकटी बनवणारे सुतार. दोघांचं तीस वर्षं भांडण आणि तीस वर्षं शेजारी-शेजारी गळ. 'आज मी बोझू. डोक्यानेही.' असंही एका ठिकाणी होतं.

आमच्या प्रयोगशाळेत कामाची वाटणी अगदी सोपी झाली. एका विद्यार्थिनीने जपानी तक्ते संगणकात भरायचे. समास मी वाचायचे, कारण त्या इमारतीत मराठी येणारा मी एकटाच. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या प्राध्यापकांनी, हे बैठकीत मुद्दाम नोंदवून घेतलं होतं. मी पहिल्या दोन वह्या वाचल्या, खूप हसलो, आणि ठरवलं की या काही विज्ञानाच्या कामाच्या नाहीत.

पुढच्या मार्चमध्ये ईशान्य जपानला भूकंप झाला, त्सुनामी आली. ओसाकाला तसं काही झालं नव्हतं, पण पुण्याहून रोज रडत फोन येत होते, मुलगी लहान होती, आणि मी बायको-मुलीला घेऊन निघालो. परतलो तोवर पावसाळा उलटला होता. साचलेलं काम एवढं होतं, की नदीवर पुन्हा जाईपर्यंत पुढचा वसंत आला. काकांनी एका शब्दाने टोकलं नाही. "आलास? बरं झालं. हिने तुझ्यासाठी वांगी आणून ठेवलीयत." मी मासे खात नव्हतो. माशांवर डॉक्टरेट करून मासा न खाणारा माणूस त्या घरात एक करमणूक होता. काकू सुझुकीचं कालवण करायच्या आणि त्याच पेणच्या मसाल्यात माझ्यासाठी वांगी.

जेवताना काकांनी विचारलं, "माझे समास वाचलेस ना रे? त्या वर्षीचे पण?"

"वाचले, काका."

हे दोन शब्द मी वांग्याचा घास तोंडात ठेवून बोललो. काका असेपर्यंत मी ते कोणाला सांगितले नाहीत.

माझा शोधनिबंध त्याच वर्षी छापून आला. त्यातली रेघ भूकंपाच्या वर्षी एकदम अर्ध्यावर कोसळत होती. सेन्सेई खूश, मी खूश. पण त्या पट्ट्याची देखरेख करणारी एक समिती होती, तिने निबंध गंभीरपणे घेतला आणि मासे सावरेपर्यंत एक हंगाम सगळ्या स्पर्धा थांबवायला सांगितलं. क्लबातली माणसं चक्रावली. निशिओ-सान तर थेट आमच्या विद्यापीठात आले, माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले (ते मलाही सेन्सेईच म्हणायचे), "सेन्सेई, मासे आहेत. मी परवा चार सोडले. तुमच्या कागदात नसतील, नदीत आहेत."

ते गेल्यावर मी त्या वर्षीची वही पहिल्यांदा उघडली. एप्रिलच्या पानावर, समासात, निळ्या शाईत: 'ईशान्येकडच्या कोळ्यांसाठी गळ, बूट, रेनकोट दुरुस्त करून पाठवायचे आहेत. आजपासून वर्ष संपेपर्यंत स्पर्धा सहा ते आठ, दोनच तास. उरलेले दोन तास सामान बांधणे. सुहासला सांगणे.' शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ होती.

मासे अर्धे झाले नव्हते, तास अर्धे झाले होते. भागायचं होतं दोनाने आणि मी भागलं होतं चाराने. पाचवीतल्या मुलाला समजेल अशी चूक.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी दुपारी क्लबची बैठक होती. मी सकाळीच काकांना वही दाखवली होती. त्यांनी पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली, एवढंच. बैठकीत निशिओ-सान उठले आणि म्हणाले, "एक तर नदी खोटी किंवा वही खोटी. भूकंपाच्या वर्षी आपण दोनच तास मासे धरत होतो. ते वहीत लिहिलंय का?" वीस माणसं माझ्याकडे बघत होती. माझा करार मार्चमध्ये संपत होता. तो वाढवायचा की नाही हे त्या निबंधावर ठरणार होतं. मी तोंड उघडलं... आणि काका उभे राहिले. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून खाली वाकले आणि जपानीत म्हणाले, "वेळ लिहायची राहिली. चूक चिटणिसाची. मी पद सोडतो." त्या खोलीत समास वाचू शकणारे आम्ही दोघेच होतो. मी तोंड मिटलं.

सायकली हातात धरून आम्ही बांधावरून परतलो. मी म्हटलं, "काका, हे बरोबर नाही." ते म्हणाले, "तुझा करार कधी संपतो?" मी म्हटलं, "मार्चमध्ये." "मग झालं तर. मला कुठे करार वाढवायचाय! आता तोंड पाडून हिच्यासमोर येऊ नकोस, विचारत बसेल. आणि आज मासा खा जरा, पुणेकर." त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा मासा खाल्ला. चांगला लागला, हेही कबूल करतो.

आकडे दुरुस्त झाले, समितीने बंदी उठवली. मासिकात दुरुस्ती छापली गेली, ती मीच लिहिली होती: 'मूळ नोंदींमधील अपूर्णतेमुळे...' मूळ नोंदींमधील! करार वाढला, पुढे कायमची नोकरी मिळाली. आज मी ज्या खुर्चीत बसतो ती त्या वाक्यावर उभी आहे.

काकांच्या वागण्यात मात्र तसूभर फरक नाही. वही निशिओ-सानकडे गेली. त्यांनी तिच्यात वेळेचा रकाना आखला, तोही लाल शाईत, सर्वांत मोठा. दर स्पर्धेला ते सगळ्यांदेखत विचारायचे, "मातोरे-सान, आज घड्याळ आणलंय ना?" म्हात्रेंचं जपानी जिभेवर मातोरे होतं. तिसऱ्या की चौथ्या वेळी काका दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ बांधून आले आणि दोन्ही हात वर करून काठावर उभे राहिले. लोक हसून लोळले. त्यानंतर प्रत्येक स्पर्धेला दोन घड्याळं. मोठा मासा लागला की "या, जावईबापू, या!" असं मराठीत ओरडायचे, कारण पेणकडे जिताडा मिळाला की तो जावयासाठी राखतात, आणि गळ ओढताना दोन्ही घड्याळं उन्हात चमकायची. मीही हसायचो. मला वाटतं, सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचो.

बोलायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. दोन-तीनदा "काका, त्या बैठकीचं..." एवढ्यावर आलो होतो. "पाण्याचा रंग बघ," ते म्हणायचे, किंवा "तुझी मुलगी मला जपानीत उत्तर देते, तू तिला मराठीत रागव बरं." त्यांना विषय नको होता हे खरं. पण तो नको असणं मला किती सोयीचं होतं, हेही तितकंच खरं.

काका गेल्यावर पहिल्या शनिवारी मी काकूंकडे गेलो. त्यांनी जुन्या वह्यांचा गठ्ठा समोर ठेवला. निशिओ-सानकडे फक्त चालू वही होती, बाकीच्या घरीच होत्या. "मना मराठी बोलता येतं, वाचता येत नाय," त्या म्हणाल्या. "समासात काय लिवलंय ते कधी इचारलं नाय. तू वाचून दाखव. एकोणपन्नासावा दिवस होईतोवर." इथे सात आठवड्यांनी एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी असतो. मी हो म्हटलं, आणि त्याच क्षणी कळलं की मधल्या कुठल्यातरी शनिवारी ते पान येणार आहे.

ते शनिवार फार मजेत गेले, हे सांगताना संकोच वाटतो. शोकाच्या घरात आम्ही पोट धरून हसत होतो. 'डब्यात हिने उमेबोशीच्या लोणच्याऐवजी लिंबाचं दिलं. निशिओने एकट्याने संपवलं, आता दिवसभर पाणी पितोय.' 'आज सगळेच बोझू. नदीला सुट्टी.' 'पेणला फोन. आई बरी आहे. काझुकोशीच बोलत बसली, मला दिलाच नाही.' इथे काकू हसता हसता उठून आत गेल्या, चहा घेऊन आल्या आणि "वाच पुढं" म्हणाल्या.

सहाव्या शनिवारी ती वही आली. पान उलटण्याआधी मला दिसत होतं, की ते दोन ओळींत ओलांडता येईल. काकूंना वाचता येत नव्हतं. जगात आता त्या पानाचा वाचक मी एकटा होतो. वाऱ्याबद्दल काहीतरी बोलून पुढे गेलो असतो तर कोणाला पत्ता लागला नसता... मी वाचलं. 'सुहासला सांगणे'सकट वाचलं. आणि मग, ज्या माणसाच्या तोंडून कामाशिवाय चार वाक्यं निघत नाहीत त्याने, तासभर सगळं सांगितलं. वांगी, बैठक, करार, मासिकातलं वाक्य, सगळं.

काकूंनी वही आपल्याकडे वळवून घेतली. "घरी येऊन मना सांगितलं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या, "वेळ लिहायला इसरलो म्हून. मी त्यांना लई बोलले रं. मी म्हटलं, बोटीवर असतास तर इंजिन फुटलं असतं. तर हसत बसले." त्यांनी माझ्यापुढचा गार झालेला चहा उचलला, नवीन आणून ठेवला आणि म्हणाल्या, "मना सांगितलंस, बरं केलंस. पण मी क्लबात नाय. निशिओला सांग. सगळ्यांसमोर सांग. तिथंच झालं होतं ना?"

मासिकाला मी त्याच आठवड्यात लिहिलं. दुरुस्तीची दुरुस्ती पुढच्या अंकात येईल. तिच्यात लिहिलं आहे की नोंदवही पूर्ण होती, निबंधाच्या लेखकाने ती पूर्ण वाचली नव्हती. विभागप्रमुखांनाही सांगितलं. त्याचं जे व्हायचं ते होईल.

आणि एकोणपन्नासाव्या दिवसानंतर आलेल्या स्पर्धेच्या रविवारी मी नदीवर गेलो. सहाला पाच कमी होते, सगळे रांगेत उभे होते, काकूही आल्या होत्या. ती वही छातीशी धरून मी माझ्या अजूनही मोडक्याच जपानीत सगळं सांगितलं आणि वाकलो. काका बैठकीत वाकले होते त्यापेक्षा खूप जास्त वेळ वाकून राहिलो. पायांखालच्या दगडांवर पाणी लागत होतं.

"म्हणजे," निशिओ-सान शेवटी म्हणाले, "इतकी वर्षं मी त्याला दर महिन्याला घड्याळ विचारलं. आणि तो दोन दोन बांधून आला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सेन्सेई, तुमच्यावर मला राग आहे. तो राहील काही दिवस."

"हो," मी म्हटलं.

ते काकूंकडे वळले आणि वाकले. काकू जपानीत म्हणाल्या, "निशिओ-सान, मी तर घरीच बोलले त्यांना. तुमच्यापेक्षा जास्त." निशिओ-सानचा चेहरा क्षणभर वाकडातिकडा झाला आणि ते फसकन हसले. मग डोळे पुसत त्यांनी वहीसाठी हात पुढे केला.

"कुठे लिहिलंय?"

मी बोट ठेवलं.

"वाचा. जपानीत नको. त्याच्या भाषेत."

मी वाचलं. नदीकाठच्या त्या वीस माणसांना एक शब्द कळला नसेल, पण टोप्या काढून सगळ्यांनी ऐकलं. निशिओ-साननी खिशातून पेन काढलं आणि काकांच्या ओळींखाली सुतारी, ठसठशीत अक्षरात जपानीत लिहिलं: 'ही वेळ बरोबर आहे.' नाव लिहिलं. मग कमरेच्या पिशवीतून सहीचा शिक्का काढला, त्याच्यावर तोंडाची वाफ सोडली आणि नावासमोर लाल ठसा उठवला. शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत राहिले.

वही काकूंच्या हातात देऊन त्यांनी मनगट वर केलं.

"सहा वाजून अठरा मिनिटं," ते ओरडले. "आजची स्पर्धा अठरा मिनिटं उशिरा सुरू. कारणासकट लिहा!" आणि चालू वही त्यांनी माझ्या छातीवर आपटली.